विश्लेषण : ‘सर्वात आवडता गेम’ वीस वर्षांनी पुन्हा खेळता येईल का? मारियो ते बीजीएमआय… पिढ्यांच्या यादीत काय बदलले?

कॅसेटवरचा ‘कॉन्ट्रा’ तीस वर्षांनीही सुरू होऊ शकतो. मात्र लाखो तरुणांच्या फोनमध्ये असलेला ‘पबजी मोबाइल’ भारतात एका सरकारी आदेशानंतर दोन महिन्यांत कायमचा बंद पडला. आवडत्या गेमच्या यादीत हा फरक का पडला आणि आजच्या मुलांच्या यादीचे पुढे काय होणार, याविषयी…

मारियो, कॉन्ट्रा, मुस्तफा, वाइस सिटी, स्नेक, पबजी, फ्री फायर. आवडत्या व्हिडिओ गेमची यादी कुणी सांगू लागले की त्याचे वय वेगळे विचारावे लागत नाही. चाळिशीचा माणूस मारियोपासून सुरुवात करतो, तिशीचा वाइस सिटीपासून आणि कॉलेजातला मुलगा बीजीएमआयपासून.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना हा तेलंगणाच्या सीमेलगतचा तालुका. कापसाची शेती, चुनखडी आणि गडचांदूर, आवाळपूर, नारंडा येथील सिमेंट कारखाने ही त्याची ओळख. गेमिंगच्या जगात या तालुक्याचे नाव निघण्याचे काही कारण नाही. पण गेमची आवड कशी तयार होते, हे समजून घ्यायला अशी तालुक्याची ठिकाणेच जास्त उपयोगी पडतात. नवे कन्सोल, मूळ सीडी आणि वेगवान इंटरनेट आधी मोठ्या शहरांत पोहोचले. बाकीच्या ठिकाणी जे यंत्र पोहोचले, त्यावर जे चालले, तेच आवडते झाले.

आवडता गेम ठरवते कोण?

खेळणाऱ्याची आवड हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे उत्तर घरात किंवा हातात कोणते यंत्र आहे, यात दडलेले असते. ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्रात ही यंत्रे ढोबळमानाने चार टप्प्यांत आली. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम, दोन हजारनंतर कॉम्प्युटर आणि सीडी, त्याच सुमारास बटणांचा मोबाइल आणि २०१६ नंतर स्मार्टफोन व स्वस्त डेटा.

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स हे महागडे कन्सोल या रांगेत बहुतेकांसाठी आलेच नाहीत. त्यामुळे परदेशातील गेमर आपल्या यादीत ‘झेल्डा’ किंवा ‘फायनल फँटसी’ लिहितो, तेव्हा इथला गेमर ‘रोड रॅश’ आणि ‘आयजीआय’ लिहितो. दोघांच्या आवडीत फार अंतर नाही. अंतर आहे ते दोघांच्या हातातल्या यंत्रांत.

कॅसेटच्या काळातील गेममध्ये असे काय होते?

समुराई, मीडिया अशा नावांनी त्या काळी भारतात मिळणारे व्हिडिओ गेम जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या १९८३ सालच्या यंत्रावर बेतलेले होते. काही अधिकृत होते, बरेचसे नकली. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच गेम असत. तेच गेम वेगवेगळ्या आकड्यांखाली पुन:पुन्हा येत.

त्यातले काही मात्र अस्सल होते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा शिगेरू मियामोतो यांचा १९८५ सालचा गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. व्हॉट्सॲपवर येणारा एखादा सुप्रभातचा फोटोही त्याहून मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांसाठी एकच चित्र वापरले आहे, फक्त रंग वेगळा. ‘बॅटल सिटी’ या गेमला मुले सरळ ‘टँक’ म्हणत. त्यात स्वत:चा नकाशा रचण्याची सोयही होती.

‘कॉन्ट्रा’मध्ये दोघांनी एकत्र खेळायचे असे आणि पडदा एकच. धबधब्याच्या टप्प्यात एकजण भराभर वर चढला की मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरायचा. त्यावरून झालेली भांडणे अनेक भावंडांना आजही आठवतात. तीस ‘लाइफ’ मिळवण्यासाठीची वर-वर-खाली-खाली अशी सुरू होणारी बटणांची गुप्त साखळी मुळात कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’ या दुसऱ्याच गेमसाठी केली होती. गेम फार अवघड वाटत होता आणि तपासताना तो पूर्ण करता यावा, एवढाच त्यांचा हेतू होता. ती साखळी इंटरनेटशिवाय, केवळ तोंडी, गावोगाव पोहोचली.

या यंत्रांचा एक दोष विदर्भातल्या मुलांना चांगलाच भोवला. मारियोमध्ये खेळ जपून ठेवण्याची, म्हणजे ‘सेव्ह’ करण्याची सोय नव्हती. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. राज्यातील सर्वात मोठे सरकारी औष्णिक वीज केंद्र चंद्रपुरात असले, तरी २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने तासन्‌तास भारनियमन सोसले. शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोहोचलेला मारियो कितीदा तरी अंधारात गडप झाला असेल.

कॅसेटला फुंकर मारल्याने ती खरेच चालायची का?

फुंकर मारणाऱ्या प्रत्येकाला तसे वाटे. खरे कारण वेगळे होते. कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या आणि यंत्रातील खाच यांचा नीट संपर्क झाला नाही की पडद्यावर रंगीत चौकोन दिसत. कॅसेट काढून पुन्हा बसवली की संपर्क जुळे आणि गेम सुरू होई. श्रेय मात्र फुंकरीला जाई. उलट तोंडातील ओलाव्याने पट्ट्या गंजू शकतात म्हणून निन्टेन्डोने फुंकर मारू नका, असेच सांगितले होते.

‘मुस्तफा’ आणि ‘वाइस सिटी’ इतके लोकप्रिय का झाले?

‘मुस्तफा’ हे त्या गेमचे खरे नावच नाही. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या या गेमचे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातील पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफा कैरो या पात्रावरून भारतात अख्ख्या गेमचेच बारसे झाले. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी बनवलेला हा गेम पुढे कॉम्प्युटरवर आला आणि आणखी पसरला.

तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लागला तो अनेकांचा २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गात. तिथे सॉलिटेअर, माइनस्वीपर आणि विंडोज एक्सपीमधला पिनबॉल होता. पुढे सायबर कॅफे आणि घरचे कॉम्प्युटर आले तेव्हा ‘रोड रॅश’, ‘आयजीआय’, ‘काउंटर स्ट्राइक’ आणि ‘जीटीए वाइस सिटी’ यांनी ठाण मांडले. २००० सालच्या ‘आयजीआय’मध्ये मोहिमेच्या मधे सेव्ह करता येत नसे. शेवटच्या पहारेकऱ्याने गोळी घातली की सगळे पुन्हा.

‘वाइस सिटी’ कॉम्प्युटरवर २००३ मध्ये आला. त्याआधीच्या बहुतेक गेममध्ये ठरलेल्या वाटेने पुढे जायचे असे. इथे दिलेले काम न करता नुसते शहरभर गाडी फिरवता येई, गाडीतल्या रेडिओवर गाणी ऐकता येत, ‘पँझर’ टाइप केले की रणगाडा समोर येई. खेळण्यातले हेलिकॉप्टर उडवून बॉम्ब पेरण्याच्या मोहिमेत अडकलेल्या कित्येकांनी गेम तिथेच सोडला आणि शहर फिरण्यातच समाधान मानले. हा गेम प्रौढांसाठीचा होता, पण तेव्हा वयाची अट बघतो कोण! बाजारात मिळणाऱ्या सीडींपैकी बऱ्याच पायरेटेड असत, हेही खरे.

नोकियाच्या सापाने काय साधले?

गेम मुलांच्या खोलीतून बाहेर काढून शेतकरी, दुकानदार, एसटी कंडक्टर अशा सर्वांच्या हातात दिला तो सापाने. ‘स्नेक’ हा गेम फिनलंडचे तानेली अरमांटो यांनी नोकियाच्या १९९७ च्या ६११० या फोनसाठी तयार केला. भारतात तो घरोघरी पोहोचला पुढच्या फोनमुळे, विशेषत: २००३ मध्ये आलेल्या ११०० मुळे. बॅटरी दिवसेंदिवस चालणारा, धुळीत टिकणारा, टॉर्च असलेला हा फोन जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेला. त्यातल्या ‘स्नेक’ला नेटवर्क लागत नसे, पैसे लागत नसत, जाहिरात येत नसे. फोन जुना झाला तरी साप त्यातच राही.

२०१६ नंतर नेमके काय बदलले?

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर कोसळले. मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ जगभर उपलब्ध झाला. विमानातून उड्या मारणारे शंभर खेळाडू, आक्रसत जाणारे मैदान आणि शेवटी उरेल तो जिंकणार. महागडा कॉम्प्युटर लागत नव्हता, गेम फुकट होता आणि चार मित्रांना हेडफोनवर बोलत एकत्र खेळता येत होते. कोरपन्यातला मुलगा पुण्यात शिकायला गेलेल्या मित्रासोबत रात्री एकाच जीपमध्ये बसू शकत होता. साध्या फोनवर चालणारा ‘फ्री फायर’ही त्याच वेळी वाढला.

पण एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. तोवरच्या साऱ्या आवडत्या गेमचा गाभा कॅसेटमध्ये, सीडीत किंवा फोनमध्ये होता. पबजीचा गाभा कंपनीच्या सर्व्हरवर होता. फोनमध्ये होती ती फक्त आत शिरण्याची खिडकी.

बंदीनंतर खेळाडूंनी काय गमावले?

लडाख सीमेवरील तणावाच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होता. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता, त्यांचा खेळ काही आठवडे सुरू राहिला. ३० ऑक्टोबर २०२० रोजी भारतातील सर्व्हर बंद झाले आणि तोही थांबला.

क्राफ्टन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी भारतासाठी वेगळा ‘बीजीएमआय’ आणला. जुन्या खात्यातील कपडे, बंदुकांची रंगसंगती आणि इतर कमाई नव्या गेममध्ये आणण्याची मुभा होती, पण ठरावीक मुदतीत आणि खाते सोशल मीडिया खात्याशी जोडलेले असेल तरच. ‘गेस्ट’ म्हणून खेळणाऱ्यांची दोन वर्षांची कमाई तिथेच राहिली. पुढे १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायरवर बंदी आली. २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआयही ॲप स्टोअरवरून हटवला गेला. तो मे २०२३ मध्ये परतला, पण वेळेची मर्यादा घेऊन. १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास.

सरकारची कारणे सुरक्षेची आणि विदेशात जाणाऱ्या माहितीची होती. ती योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. इथे मुद्दा एवढाच की, अठरा वर्षांच्या मुलाने ज्या गेमवर शाळेची शेवटची दोन वर्षे घालवली, तो त्याला पुन्हा पूर्वीसारखा उघडता येणार नाही. कॉन्ट्रावाल्या काकांवर ही वेळ आली नव्हती.

पैसे मोजले तरी गेम आपला का नाही?

दुकानातून कॅसेट आणली की ती आपली. मित्राला द्या, विका, माळ्यावर टाका. ऑनलाइन दुकानात ‘खरेदी करा’ असे लिहिलेले बटण दाबले, तरी बहुतेक वेळा मिळतो तो वापराचा परवाना. सोप्या शब्दांत, शेत विकत न घेता ठोक्याने करायला घेण्यासारखे, फक्त इथे मुदत किती ते मालकच पुढे कधीतरी ठरवणार.

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम याचे ठळक उदाहरण. लोकांनी तो पैसे देऊन घेतला होता. एकट्याने खेळायचे असले तरी त्याला इंटरनेट लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि तो कुणालाच खेळता येईनासा झाला.

परवान्याचा फटका वाइस सिटीलाही बसला. त्यातील काही गाण्यांचे हक्क संपल्याने नंतरच्या आवृत्त्यांतून ती काढून टाकावी लागली. २०२१ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा जुनी काही काळ विक्रीतूनच मागे घेण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये तो मोबाइलवर नेटफ्लिक्सच्या सदस्यांना खुला झाला आणि वर्षभराने तिथूनही गेला.

जुने गेम तरी सुरक्षित आहेत का?

कॅसेट टिकली म्हणजे गेम टिकला, असेही नाही. बंदुकीने बदके मारण्याचा ‘डक हंट’ घ्या. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई. बंदुकीतील संवेदक तो उजेड टिपे. हे गणित जुन्या, फुगीर पडद्याच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेले होते. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि नेम कितीही अचूक असला तरी बदक उडून जाते. म्हणजे कॅसेट, बंदूक, यंत्र सगळे जपले तरी टीव्ही बदलला की गेम गेला.

अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात, तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के आता बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असे आढळले. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फ्लॅश गेमचे तंत्रज्ञान ॲडोबीने २०२० च्या अखेरीस बंद केले. फेसबुकवरचा ‘फार्मव्हिल’ ३१ डिसेंबर २०२० रोजी मिटला आणि लोकांनी वर्षानुवर्षे लावलेली पिके त्याच्यासोबत गेली. मात्र काही स्वयंसेवकांनी ‘फ्लॅशपॉइंट’ हा संग्रह उभारून एक लाखाहून अधिक फ्लॅश गेम वाचवले.

लहानपणीचाच गेम सर्वात भारी का वाटतो?

यामागे केवळ हळवेपणा नाही. माणसाला आयुष्यातील इतर काळापेक्षा साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी अधिक ठळकपणे आठवतात, असे मानसशास्त्रातील अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्याच वयात ऐकलेली गाणी, पाहिलेले सिनेमे आणि खेळलेले गेम आयुष्यभर ‘आमच्या वेळचे’ राहतात. शिवाय तेव्हा गेम मोजके होते. एकच कॅसेट उन्हाळाभर पुरवायची असल्याने तिच्यातला प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक शत्रू पाठ होई. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडण्याची सोयच नसते, त्यामुळे घरात बसून खेळायला वेळही भरपूर.

याचा अर्थ नवे गेम कमी प्रतीचे आहेत असा नाही. आजचा पंधरा वर्षांचा मुलगा बीजीएमआयविषयी पंचविसाव्या वर्षी तितक्याच प्रेमाने बोलेल. फरक एवढाच की, चाळिशीतल्या माणसाला आपल्या मुलाला ‘हे बघ, असे खेळायचो’ म्हणत मारियो दाखवता येतो. त्या मुलाला पुढे आपल्या मुलांना काय दाखवता येईल, हे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. कदाचित रेकॉर्ड केलेले व्हिडिओच उरतील.

याविरोधात कुणी आवाज उठवत आहे का?

‘द क्रू’ बंद झाल्यानंतर एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या यूट्युबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. कंपनीने सर्व्हर अनंतकाळ चालवावेत, अशी तिची मागणी नाही. गेम बंद करताना तो कोणत्या तरी स्वरूपात खेळता येईल, अशी तजवीज करून जावे, एवढेच तिचे म्हणणे आहे. युरोपीय संघात या मागणीच्या बाजूने दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, केवळ परवाना देणाऱ्या डिजिटल दुकानांना ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे लागते.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ संग्रहालयाने २०१५ मध्ये जागतिक व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम सुरू केले. पहिल्याच वर्षी निवडलेल्या सहा गेममध्ये ‘टेट्रिस’ आणि ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ होते. जत्रेतल्या दुकानात मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’वर मुले जे खेळत, ते हेच टेट्रिस. मॉस्कोत १९८४ मध्ये अलेक्सी पाजितनोव्ह यांनी बनवलेले.

नव्या कायद्याने आवडते गेम बंद झाले का?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा मंजूर केला तेव्हा अनेक पालकांचा असा समज झाला. या कायद्याने गेमचे तीन प्रकार केले आहेत : ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैसे लावून खेळले जाणारे खेळ. बंदी फक्त तिसऱ्या प्रकारावर आहे. पैसे लावण्याचे गेम चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आणि प्रोत्साहन आहे.

पालकांनी दोन गोष्टींची गल्लत टाळायला हवी. रमीत पगार हरणे हा जुगाराचा प्रश्न आहे, तर मुलगा बीजीएमआय सोडत नाही हा वेळेचा. दुसऱ्याचाही व्यसनात शेवट होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत स्थान दिले असून ती यादी २०२२ पासून लागू आहे. पण रोज खेळणे म्हणजे विकार नव्हे. खेळण्यावर ताबा न राहणे, झोप, अभ्यास, नाती बिघडूनही खेळत राहणे आणि हे साधारण वर्षभर चालणे, ही त्याची लक्षणे आहेत.

महाराष्ट्रात बनलेले गेम या यादीत आहेत का?

आहेत, आणि त्यातला एक तर जवळपास प्रत्येक घरात पोहोचला आहे. ‘लुडो किंग’ हा नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला गेम. टाळेबंदीत त्याची लोकप्रियता कळसाला गेली. त्याचे एक बलस्थान असे की, एकाच फोनवर चौघे आळीपाळीने, इंटरनेटशिवायही खेळू शकतात. नेटवर्क डोंगराआड गेले तरी डाव मोडत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचली. हा गेम एकट्याने खेळायचा आहे, त्याला शेवट आहे आणि तो दुसऱ्या कुणाच्या हजेरीवर अवलंबून नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा पबजीच्या धाटणीचा गेम आणला. त्याचे आयुष्य मात्र सर्व्हर आणि खेळाडूंची संख्या यांवरच ठरणार.

आवडता गेम जपायचा तर काय करावे?

काही साध्या गोष्टी कुणालाही करता येतील. ऑनलाइन गेम ‘गेस्ट’ म्हणून न खेळता कायमच्या ईमेल किंवा खात्याशी जोडावा. त्या खात्याचा पासवर्ड मित्राला देऊ नये. गेममधील कपडे किंवा बंदुकीच्या रंगासाठी पैसे भरताना ते परत न मिळणारे भाडे आहे, असे समजूनच भरावेत. गेम विकत घ्यायचा असेल तर तो इंटरनेटशिवाय चालतो का, हे आधी पाहावे. कॉम्प्युटरवरील सेव्ह फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. फोन बदलण्याआधी जुन्या गेमची प्रगती क्लाउडवर गेली आहे ना, हे तपासावे.

जुने गेम खेळायचे असतील तर कॉन्ट्राचा अधिकृत संग्रह २०१९ पासून कॉम्प्युटर आणि कन्सोलवर मिळतो. जुन्या यंत्राची नक्कल करणारे एम्युलेटर हे सॉफ्टवेअर अनेक जण वापरतात. मात्र त्यासाठी इंटरनेटवरून गेमच्या फाइल परवानगीशिवाय उतरवणे हा स्वामित्व हक्काचा भंग ठरतो.

आणि घरातल्या माळ्यावर जुना व्हिडिओ गेम पडून असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लावून पाहायला हरकत नाही. कॅसेटच्या पट्ट्या फुंकर न मारता कोरड्या कापडाने हलकेच पुसाव्यात, मग बसवावी. पडद्यावर रंगीत चौकोन आले तर काढून पुन्हा लावावी. दोन्ही रिमोट चालत असतील तर बीजीएमआय खेळणाऱ्या मुलाला शेजारी बसवून धबधब्याचा टप्पा पार करून दाखवता येईल. फक्त वर चढताना मागच्याची वाट पाहायची, एवढे लक्षात ठेवायला हवे.